प्लॅस्टिकचें गलबत आणि आपलीं प्रदर्शनें

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनिया देशांत, लामू नांवाचें एक जुनें बंदर आहे. अरुंद गल्ल्या, पोंवळ्याच्या दगडाचीं घरें आणि ओझीं वाहणारीं गाढवें यांसाठीं तें प्रसिद्ध असून २००१ सालीं त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं या भागाचा संबंध कालपरवांचा नव्हे. मोसमी वाऱ्यावर शीड सोडून ये-जा करणाऱ्या गलबतांनीं हे दोन्ही किनारे शेंकडों वर्षें एकमेकांस बांधून ठेविले होते. आणि तेथील स्वाहिली भाषेंत शिडाच्या मोठ्या नावेस 'जहाझी' म्हणतात हें ऐकल्यावर मराठी माणसास त्याचा अर्थ विचारावा लागत नाहीं. याच लामूंत नावा बांधणाऱ्या सुतारांनीं, अली स्कांडा नांवाच्या कुशल कारागिराच्या देखरेखीखालीं, १५ सप्टेंबर २०१८ रोजीं एक नवें गलबत पाण्यांत लोटलें. त्याची लांबी सुमारें नऊ मीटर, घडण वाडवडिलांच्या पद्धतीची. परंतु त्याचा कणा, फासळ्या व फळ्या लांकडाच्या नव्हत्या. लोकांनीं टाकून दिलेलें सुमारें दहा टन प्लॅस्टिक गोळा करून, वितळवून, त्याच्या तुळया व फळ्या पाडल्या होत्या आणि सुतारांनीं लांकूड तासावें तशा त्या हातानें तासल्या होत्या. बाहेरून सुमारें तीस हजार जुन्या रबरी चपलांच्या तुकड्यांचें आवरण चढविलें होतें, त्यामुळें तें गलबत दुरून एखाद्या गोधडीसारखें दिसे. या चपलांवरूनच त्याचें 'फ्लिपफ्लॉपी' असें नांव पडलें.

पुढील वर्षाच्या आरंभीं हें गलबत लामूहून झांझिबारपर्यंत सुमारें पांचशें किलोमीटरांचा प्रवास करून आलें. वाटेंत ठिकठिकाणीं तें थांबे, किनाऱ्यावरील माणसें व शाळांतील मुलें तें पाहावयास येत, आणि ज्या वस्तु आपण टाकतों त्यांचें काय होतें याविषयीं बोलणें होई. २०२१ सालीं तें व्हिक्टोरिया सरोवरांतही फिरलें. टाकलेलें प्लॅस्टिक गोळा करण्याचें व नावा बांधण्याची विद्या तरुणांस शिकविण्याचें कामही पुढें लामू येथें त्यांतूनच उभें राहिलें.

आम्हांस या गलबताचें कौतुक वाटतें तें त्याच्या रंगांमुळें नव्हे. त्याहून सुंदर नावा पुष्कळ आहेत. कौतुक वाटतें तें अशासाठीं कीं, ज्या लोकांच्या किनाऱ्यावर तो कचरा येऊन पडत होता त्यांच्याच हातांनीं, त्यांना येत असलेल्या विद्येनें, त्यांना ज्याची परीक्षा करतां येते अशी वस्तु त्यांतून घडली. किनाऱ्यावरच्या कोळ्यास शिल्पकलेंतलें मर्म कळेल किंवा न कळेल. नाव तरते कीं बुडते हें मात्र त्यास कोणी सांगावें लागत नाहीं. ती तरली, म्हणून तिचें म्हणणें त्यानें ऐकून घेतलें. सार्वजनिक कलेचें सामर्थ्य येथें आहे असें आमचें मत आहे, आणि आपल्याकडे या दिशेनें जे प्रयत्न चालतात त्यांचें मोजमाप याच मापानें करावें असें आम्ही सुचवूं इच्छितों.

दुसरा मार्ग म्हणजे प्रचंड शिल्प उभारून लोकांस थक्क करून सोडणें. जगांत सध्यां तो अधिक रुळला आहे. २०१८ सालींच बेल्जममधील ब्रूज शहराच्या कालव्यांतून वर झेपावणारा एक भला मोठा देवमासा उभा केला होता. त्याचें सारें अंग हवाई बेटांच्या किनाऱ्यावर वेंचलेल्या सुमारें पांच टन प्लॅस्टिकचें होतें. त्यापूर्वीं, मे २०१७ मध्यें, फिलिपाइन्स देशांत नाइक गांवच्या समुद्रकांठीं प्लॅस्टिकनें बनविलेला मृत देवमासा वाळूवर पसरून ठेविला होता. त्याचें उघडें तोंड व त्यांतून बाहेर आलेल्या पिशव्या पाहून लोक क्षणभर फसत. ही अतिशयोक्ति आहे असें कोणास वाटलें असेल, तर मार्च २०१९ मध्यें त्यास उत्तर मिळालें. त्याच देशाच्या दक्षिण भागांत एक खराच देवमासा मरून किनाऱ्याला लागला आणि त्याच्या पोटांत सुमारें ४० किलो प्लॅस्टिक निघालें. कलावंतानें आधीं सांगितलें, समुद्रानें मागाहून पुरावा आणून टाकला. अशा शिल्पांस आम्ही निरर्थक म्हणणार नाहीं.

तरीही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. २०२२ च्या आरंभीं नैरोबी येथें संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण सभा भरली, त्या वेळीं बेंजामिन व्हॉन वाँग या कलावंतानें तेथें अधांतरीं लटकणारा एक विशाल नळ मांडला होता. त्यांतून पाण्याऐवजीं प्लॅस्टिकचा लोंढा खालीं कोसळत होता, आणि तें प्लॅस्टिक नैरोबीच्याच किबेरा नामक दाट वस्तींतून आणलेलें होतें. पाहावयास राष्ट्राराष्ट्रांचे मंत्री व वकील होते. २ मार्च रोजीं १७५ राष्ट्रांनीं असा ठराव संमत केला कीं, प्लॅस्टिकच्या उपद्रवास आळा घालणारा जागतिक करार तयार करावा. नळाचा विजय झाला असें वाटण्यासारखाच तो दिवस होता. पुढें काय झालें? २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियांतील बुसान येथें व २०२५ च्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें वाटाघाटी झाल्या आणि दोन्ही वेळां करार न होतांच सभा उठली. कित्येक राष्ट्रांचें म्हणणें असें कीं, प्लॅस्टिक किती निर्माण करावें यावरच मर्यादा हवी. खनिज तेल काढणारीं कांहीं राष्ट्रें म्हणतात कीं, कचऱ्याची नीट व्यवस्था लावली म्हणजे पुरे. शिल्पकारानें जो नळ टांगून दाखविला त्याच नळाची तोटी बंद करावी कीं खालीं बादल्या मांडाव्या, यावर सारें गाडें अडलें आहे.

बादल्या मांडून भागणार नाहीं हें साध्या हिशेबानें कळतें. १९५० पासून २०१५ पर्यंत जगांत सुमारें ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण झालें, असा अंदाज २०१७ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं जें कचरा होऊन गेलें त्यांतील अवघा नऊ टक्के भाग पुन्हां उपयोगांत आणला गेला, बारा टक्के जाळण्यांत आला, आणि उरलेलें सारें कोठें ना कोठें जमिनीवर, जमिनीखालीं किंवा पाण्यांत पडून आहे. तें कुजत नाहीं. उन्हानें ठिसूळ होतें, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा डोळ्यांस दिसेनासा झाला तरी नाहींसा होत नाहीं. हा विचार मनांत ठेवून पाहिलें म्हणजे कोणत्याही प्लॅस्टिकच्या शिल्पाविषयीं दोन प्रश्न विचारावे लागतात. तें पाहून मनुष्य काय करूं लागला? आणि तें शिल्प स्वतः पुढें कोठें जाणार?

पहिल्या प्रश्नाचें बरें उत्तर आम्हांस अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत दिसतें. तेथें बँडन या लहानशा समुद्रकांठच्या गांवीं अँजेला हेझेल्टाइन पोझी या कलाशिक्षिकेनें २०१० सालीं एक संस्था सुरू केली. किनाऱ्यावर येऊन पडलेलें प्लॅस्टिक गांवकरी व पाहुणे वेंचून आणतात, धुतात, रंगांप्रमाणें निवडून वेगवेगळें ठेवितात, आणि मग त्यांतून मासे, पक्षी, सील इत्यादि समुद्रजीवांच्या मोठ्या आकृति घडतात. आकृति मनोहर असतात खऱ्या. परंतु आमच्या मतें या उद्योगाचा गाभा धुण्यांत व निवडण्यांत आहे. ज्यानें दोन तास बसून बाटल्यांचीं झांकणें, दोऱ्यांचे तुकडे, खेळण्यांचे हातपाय व दांत घासण्याचे ब्रश निवडले, त्यास समुद्रांत काय चाललें आहे हें व्याख्यानावांचून समजतें. ब्रूजच्या देवमाशापुढें उभें राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या मनुष्यास तें तसें समजत नाहीं. तो आश्चर्य करतो, आणि वाटेंत तहान लागली कीं पाण्याची नवी बाटली विकत घेतो. यांत त्याचा दोष फारसा नाहीं. त्यास कोणीं हात लावूं दिलाच नव्हता.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. सार्वजनिक कला ही आपल्यास परदेशांतून शिकण्याची वस्तु नव्हे. लोकमान्य टिळकांनीं १८९३ च्या सुमारास गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिलें तेव्हांपासून आळीआळींतून वर्गणी काढून, रात्री जागवून, आरास उभी करण्याची विद्या महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडली आहे. कोणत्या मंडळानें यंदा कोणता देखावा केला हें पाहावयास सारें शहर लोटतें. आणि याच कलेंत थर्मोकोल शिरलें! कागद, कापड, बांबू व पुठ्ठा यांचीं मखरें मागें पडून पांढऱ्या थर्मोकोलाचे महाल उभे राहूं लागले. हलकें, स्वस्त, कापावयास सोपें, आणि दहा दिवसांनीं उकिरड्यावर. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेले, ताटें यांबरोबर थर्मोकोलाच्या आराशीवरही बंदी घातली, तेव्हां कारागिरांत मोठी हळहळ झाली. परंतु मखरें थांबलीं नाहींत. पुठ्ठ्याचीं, कापडाचीं, बांबूचीं पुन्हां होऊं लागलीं. कलेस अमुकच पदार्थ पाहिजे असें नसतें, हें त्यावरून दिसून आलें.

कायद्यानें काय होतें व काय होत नाहीं याचाही अनुभव आपल्यापाशीं आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. पावसास कोणाचा इलाज नव्हता. परंतु गटारें व नाले तुंबविण्यास पातळ पिशव्यांनीं हातभार लाविला हें सर्वांनीं पाहिलें. २००६ सालीं ५० मायक्रॉनांहून पातळ पिशव्यांस राज्यांत मज्जाव झाला, २०१८ सालीं वर सांगितलेली बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेंकावयाच्या कित्येक वस्तूंस साऱ्या देशांत बंदी झाली. कायदे योग्यच आहेत. भाजीवाल्याकडे मात्र पिशवी अजूनही मागितली जाते आणि तो इकडेतिकडे पाहून ती देतो. जेथें मागणाऱ्याचें मन बदललेलें नाहीं तेथें कायदा टेबलाच्या खालून वाट काढतो, आणि मन बदलण्याच्या कामीं कलेस कांहीं करतां आलें तर तें करावें, येवढेंच आमचें म्हणणें आहे.

आमच्या शाळांतून या बाबतींत जें चालतें त्याविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें भाग आहे. 'टाकाऊपासून टिकाऊ' या नांवाचीं प्रदर्शनें सर्वत्र भरतात. हेतु उत्तम. प्रत्यक्षांत काय होतें? प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळीं विद्यार्थी दुकानांत धांवतो. थंड पेयांच्या नळ्या नव्या, चमकी नवी, डिंकाची बाटली नवी, आणि बाटली रिकामी नसेल तर भरलेली विकत घेऊन ओतून रिकामी केली जाते! तिच्यावर रंग चढतो, मणी चिकटतात, फुलदाणी तयार होते. परीक्षक पारितोषिक देतात. आठ दिवसांनीं ती फुलदाणी कचऱ्याच्या डब्यांत असते, आणि आतां तिला भंगारवालाही हात लावीत नाहीं, कारण रंग व डिंक लागलेली बाटली त्याच्या उपयोगाची राहिलेली नसते. टाकाऊपासून टिकाऊ करावयास निघालेल्या मुलानें विकाऊ वस्तूचें टाकाऊ करून ठेविलें.

येथें एक गोष्ट आमच्या विद्यार्थी-वाचकांनीं नीट समजून घ्यावी. सर्व प्लॅस्टिक एक नव्हे. पाण्याच्या बाटलीस भाव आहे. दुधाची पिशवी धुवून ठेविली तर तीही विकली जाते. याच भावावर कचरा वेंचणाऱ्या कितीतरी भगिनींची चूल पेटते. पुण्यांत १९९३ सालीं अशा कष्टकऱ्यांनीं 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' या नांवानें आपली संघटना स्थापिली. त्यांच्या कामामुळें शहराचा किती कचरा पुन्हां कारखान्यांत जातो हें लोकांस त्यानंतर हळूहळू कळूं लागलें. कोणतें प्लॅस्टिक कोठें जाईल हें त्या बोटांनीं दाबून आणि आवाज ऐकून सांगतात. उलट वेफर्सची, चिवड्याची, गुटख्याची चकचकीत पुडी कोणीही घेत नाहीं. तिच्यांत प्लॅस्टिकचे व धातूच्या वर्खाचे पापुद्रे एकावर एक असे चिकटविलेले असतात कीं ते वेगळे करणें परवडत नाहीं. ती गटारांत जाते, तेथून नाल्यांत, नाल्यांतून नदींत. आमचें मत असें आहे कीं, शाळेंत किंवा आळींत प्लॅस्टिकविषयीं कांहीं उभारावयाचें असेल तर तें बाटल्यांचें असूं नये. बाटल्या ज्यांच्या पोटास लागतात त्यांच्याकडे जाऊं द्याव्या, आणि ज्यास कोणी विचारीत नाहीं त्या पुड्यांचें तें असावें. आणि काय विकलें जातें व काय नाहीं हें मुलांस सांगावयास एखाद्या कचरा वेंचणाऱ्या बाईंस सन्मानानें बोलवावें. इतकी अनुभवी शिक्षिका शोधूनही सांपडावयाची नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, कलेनें उपदेश करूं नये; उपदेश आला कीं कला मरते. हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा वाईट भित्तिचित्रें पाहून कंटाळलेले असतात, आणि त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. पृथ्वीस डोळे काढून तिला रडतांना दाखविणारें चित्र आम्हीही पुष्कळ पाहिलें आहे. लामूच्या गलबतानें मात्र कोणास उपदेश केला नाहीं. तें पाण्यावर चाललें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोणी म्हणेल कीं, पुड्या कारखानदारानें काढावयाच्या, नफा त्यानें घ्यावयाचा, आणि लाज मात्र शाळकरी मुलांनीं बाळगावयाची, हा कोठला न्याय? आम्हांस हें म्हणणें पूर्णपणें मान्य आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनीं आपण बाजारांत आणलेलें वेष्टण परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीच आहे. परंतु ती जबाबदारी पार पडते कीं नाहीं हें विचारणारा नागरिक कोठून येणार? ज्या मुलानें आपल्या गल्लींतल्या हजार पुड्या मोजल्या आणि त्यांवर छापलेलीं नांवें वाचलीं, तो मोठा झाल्यावर तें विचारील असा संभव आहे. आणि ज्यानें विकत घेतलेल्या चमकीची फुलदाणी केली तो विचारणार नाहीं, हें जवळजवळ निश्चित आहे.

म्हणून येत्या वर्षीं प्रदर्शनाऐवजीं एक भिंत करून पाहावी असें आम्ही सुचवितों. एक महिनाभर शाळेच्या आवारांत पडलेल्या पुड्या गोळा कराव्या, पाण्यानें धुवून वाळवाव्या, आणि सुतळीनें ओवून बांबूच्या चौकटीवर लावाव्या. डिंक नको, रंग नको. पुडीचा स्वतःचाच रंग पुरेसा भडक असतो. चित्र काय काढावें तें चित्रकलेचे गुरुजी व मुलें ठरवितील. गांवांतून वाहणाऱ्या नदीचें काढलें तर शोभेल. उन्हापावसांत ती चौकट फार दिवस ठेवूं नये, नाहीं तर पुड्यांचा चुरा होऊन आपणच नवा केर केल्यासारखें होईल. महिनाभरानें सुतळी सोडून त्या एका पोत्यांत भराव्या आणि जेथें त्या अधिकृतपणें स्वीकारल्या जातात तेथें नगरपालिकेच्या मार्फत पोंचवाव्या. जागेविषयीं मात्र आमचा आग्रह आहे. ही भिंत दर्शनी दालनांत, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर नसावी. मधल्या सुटींत खाऊच्या दुकानाकडे जाणाऱ्या वाटेवर ती असावी, आणि तिच्या खालीं त्या महिन्यांत जमलेल्या पुड्यांचा आंकडा खडूनें लिहावा, म्हणजे पुढच्या महिन्याचा आंकडा त्याच्या खालीं लिहावयास जागा राहील.